बहुपदीचं डेरिव्हेटिव्ह काढा, तेही ॲपशिवाय!

बारावीत मी डेरिव्हेटिव्हची उत्तरं ॲपवरून उतरवून घ्यायचो. परीक्षेत मोबाईल नव्हता, तिथेच अडकलो. खरं तर नियम एका ओळीचा आहे: घातांकाने गुणा, मग घातांकातून १ वजा करा.

उदाहरण बघूया (^ म्हणजे घात):
४क्ष^३ + ५क्ष^२ − ७क्ष + ९

१. ४क्ष^३: ३ × ४ = १२, घातांक उरला २. म्हणजे १२क्ष^२.
२. ५क्ष^२: २ × ५ = १०. म्हणजे १०क्ष.
३. −७क्ष: घातांक १ चा ० झाला, क्ष गेला. उरलं −७.
४. ९: डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा दर. ९ बदलतच नाही, म्हणून ०. मी तो तसाच ठेवला आणि मार्क घालवले!

उत्तर: १२क्ष^२ + १०क्ष − ७

ॲप जरूर वापरा, पण वहीत सोडवून झाल्यावर, उत्तर तपासायला.