चौकट : अकरावीच्या इंग्रजीत नाटक

वसई-विरारमधील राज्य मंडळाची कनिष्ठ महाविद्यालये मुंबई विभागीय मंडळात येतात. तिथे २०१९ मध्ये आलेल्या अकरावीच्या ‘युवकभारती’ इंग्रजी पुस्तकात नाटकांचा स्वतंत्र विभाग आहे. शेक्सपिअर अर्थातच आहे; राजकीय आशय मात्र पुढच्या दोन नाटकांत.

• ‘अॅन एनिमी ऑफ द पीपल’ (इब्सेन, १८८२) : गावच्या स्नानगृहांचे पाणी दूषित असल्याचे डॉक्टर सांगतो. महापौर त्याचाच भाऊ. गाव डॉक्टरलाच लोकशत्रू ठरवते. सत्यजित राय यांचा ‘गणशत्रू’ हा चित्रपट यावरच.

• ‘द रायझिंग ऑफ द मून’ (लेडी ग्रेगरी) : आयरिश बंडखोर आणि त्याला सोडून देणारा पोलीस. रंगमंचावर १९०७ मध्ये.

• पुस्तकाबाहेर, त्याच वर्षी मराठीत नाटककार खाडिलकरांचे ‘कीचकवध’. प्रेक्षकांनी कीचकात माजी व्हाइसरॉय कर्झन ओळखला; सरकारनेही. बंदी १९१० मध्ये.