विसरणाऱ्या माणसाचे घर

यंत्र आणि माणूस यांची ओढाताण आम्ही कामगार चळवळीत जन्मभर पाहिली. ती म्हाताऱ्या माणसाच्या खोलीपर्यंत येईल असे मात्र वाटले नव्हते. आमचे एक वयोवृद्ध सभासद गिरणीत साच्यावर राबलेले. हल्ली ते पहाटे उठतात, डबा मागतात आणि पहिल्या पाळीला निघतात. गिरणी बंद होऊन कैक वर्षे झाली. मुलाने काळजीपोटी खोलीत कॅमेरा लावला आणि दाराला आकडे दाबून उघडणारे कुलूप बसविले. म्हातारबुवा दारापाशी उभे राहून रडू लागले.

डबा आठवतो आणि कुलपाचा आकडा आठवत नाही, हे कसे? स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारात मेंदूचा नव्या आठवणी साठविणारा भाग बहुधा आधी झिजतो. हाताला बसलेल्या जुन्या सवयी पुष्कळ काळ टिकतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढील लोकांत शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. तेव्हा हा प्रश्न एका घराचा नाही.

यातून पहिला नियम निघतो. उपकरणाने म्हाताऱ्याला नवे काही शिकवू नये, त्याच्या सवयीला चिकटून बसावे. जपानात झोजिरुशी कंपनीने २००१ साली चहाच्या गरम पाण्याचे एक विजेचे भांडे काढले. म्हातारी नेहमीप्रमाणे चहासाठी पाणी घेते आणि भांडे वापरात असल्याची वर्दी दूरच्या मुलाला पोहोचते. तिला एकही नवे बटण दाबावे लागत नाही.

दुसरा नियम आम्हाला कारखान्याने शिकविला. कामगाराने सावध राहावे एवढे सांगून मालकाची सुटका नव्हती. यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण घालणे १९४८ च्या कारखाना कायद्याने त्याच्यावर बंधनकारक केले होते. घरातही तेच. जपानात २००८ पासून घरगुती गॅसच्या शेगडीला उष्णता ओळखणारे साधन सक्तीचे झाले. भांड्याचा तळ फार तापला की गॅस आपोआप बंद होतो. चूक होणारच असे धरून यंत्र बांधले, म्हणजे म्हातारीला चुलीपासून हाकलावे लागत नाही. आणि वीज गेली तर? गॅस बंद झाला पाहिजे, पण दार हाताने उघडले पाहिजे. नाहीतर आग लागल्यावर तेच घर सापळा होईल.

तिसरी गोष्ट पाळतीची. मुकादमाची नजर सतत पाठीवर असली की काय वाटते, हे श्रमिकाला सांगावे लागत नाही. माणूस हलला की नाही एवढेच टिपणारे साधन पुरत असेल तर कॅमेरा कशाला? शिवाय विचारणा वेळेवर व्हावी. दुखण्याच्या आरंभी माणसाला बरेच कळत असते. काय चालेल आणि काय नको, हे तेव्हाच त्याच्या तोंडून ऐकून घ्यावे.

शेवटी, यंत्र वर्दी देते. उठून यावे लागते माणसालाच. ते काम बहुधा घरातली सून करते किंवा पगारी बाई. उपकरण घेतले म्हणून त्या बाईची रजा किंवा पगार कापणे हा शुद्ध अन्याय होय.

आमच्या म्हातारबुवांच्या घरी आता कॅमेरा नाही आणि आकड्यांचे कुलूपही नाही. पलंगाखाली पाय टेकताच लागणारा दिवा आहे, आणि दार उघडले की मुलाच्या उशाशी घंटा वाजते. मुलगा उठतो, चपला घालतो. दोघे नाक्यापर्यंत जातात, चहा घेतात आणि परत येतात. हे सारे ठरविण्यापूर्वी मुलाने वडिलांना विचारले होते. त्यांनी एवढेच सांगितले की, दार बंद करू नका. आपण कोणतेही उपकरण घरी आणाल, तेव्हा ज्याच्यासाठी आणता त्याला आधी विचारा, एवढी आमची विनंती आहे.