सुहृदांच्या साथीने सीमोल्लंघन

आश्विन शुद्ध दशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. नऊ दिवसांच्या घटाचे उत्थापन झाले, शस्त्रांची, पाटीपुस्तकांची आणि ज्याच्या त्याच्या उपजीविकेच्या साधनांची पूजा झाली, की तिसऱ्या प्रहरी गावाच्या ईशान्येस सीमा ओलांडून जावयाचे, शमीचे व अपराजितादेवीचे पूजन करावयाचे आणि आपट्याची पाने घेऊन परतावयाचे, अशी आपली परंपरा आहे. पूर्वी या दिवशी राजे स्वारीवर निघत. आज ती सैन्ये नाहीत आणि त्या स्वाऱ्याही नाहीत. तथापि, ओलांडावयाच्या सीमा मात्र प्रत्येकाच्या वाट्यास येतातच. शस्त्रक्रियागृहाचा उंबरठा ही त्यांतील एक कठीण सीमा होय. आणि शस्त्रक्रिया हृदयाची असेल, तर भल्याभल्यांचे पाय त्या उंबरठ्याशी थबकतात.

सणाच्या दिवशी हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपट्याचे पान क्षणभर तळहातावर ठेवून पाहावे. मधोमध शीर, दोहों बाजूंस दोन दले आणि आकार थेट हृदयाचा. आपण मित्राच्या हाती सोने म्हणून देतो ते हेच पान. आपल्या भाषेने मित्राला दिलेले एक जुने नावही ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्याचे हृदय आपल्याविषयी चांगले, तो सुहृद. हृदयाच्या दुखण्यात सुहृदाने काय करावे, याचा विचार करावयास दसऱ्याहून योग्य दिवस कोणता?

भीतीचे मूळ

मुठीएवढे, सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे हे इंद्रिय दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते. साऱ्या देहाला रक्त पुरविणाऱ्या हृदयाला स्वतःलाही रक्त लागते. ते ज्या रोहिण्यांतून मिळते, त्यांत मेदाचे थर साचून वाट अरुंद झाली की चढ चढताना छातीत कळ येते, दम लागतो, डावा हात भरून येतो. वाट बंदच झाली तर हृदयाच्या स्नायूचा तेवढा भाग निकामी होतो. बायपास शस्त्रक्रियेत शल्यविशारद पायातील नीला किंवा छातीच्या आतील बाजूची रोहिणी घेऊन तुंबलेल्या जागेच्या पुढे जोडून देतात. बंद पडलेल्या पुलाला वळसा घालून नवा रस्ता काढावा, तसेच हे आहे.

हे काम समजावयास सोपे, सोसावयास मात्र अवघड. उरोस्थी, म्हणजे छातीचे मधले हाड, कापावे लागते. कित्येकदा हृदय काही काळ थांबवून रक्त फिरविण्याचे व त्यात प्राणवायू मिसळण्याचे काम यंत्राकडे सोपविले जाते. आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी धडधडत्या हृदयावरही ही शस्त्रक्रिया केली जाते. ज्या हृदयात आपण देव पाहतो, जिथे जीव वसतो असे मानतो, तेच थांबणार, या कल्पनेने रुग्ण हादरला तर त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल.

इथवर पोहोचण्यासाठी शल्यविशारदांनाही अनेक सीमा ओलांडाव्या लागल्या. ६ मे १९५३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी एका १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयाचे छिद्र बुजविले, तेव्हा तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे काम २६ मिनिटे यंत्राने केले. १९६७ मध्ये मूळचे अर्जेंटिनाचे डॉ. रेने फावालोरो यांनी क्लीव्हलँड येथे पायातील नीला वापरून बायपासचा मार्ग रूढ केला. आपल्या मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयारोपणाचे धाडस केले; तो रुग्ण जगला नाही, पण वाट पडली. १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात भारतातील पहिली बायपास शस्त्रक्रिया केली. आज ती जिल्ह्याच्या शहरांतूनही होते. दसऱ्याला आपण शस्त्रे पुजतो, तेव्हा जोडण्यासाठी कापणारे हे शस्त्रही मनोमन पुजावे.

जांबवंताने काय केले?

दसरा हा श्रीरामप्रभूंच्या विजयाचा दिवस. त्या विजयाच्या आधी एक प्रसंग घडला आहे. सीतामाईचा शोध घेत निघालेली वानरसेना समुद्रकिनारी येऊन थांबली. पुढे शंभर योजने पाणी. प्रत्येकजण आपापल्या उडीचे अंतर सांगू लागला. अंगद म्हणाला, जाईन खरा, पण परत येईन की नाही याची खात्री नाही. हनुमंत एका बाजूस मुकाट बसले होते. अशा वेळी वृद्ध जांबवंत त्यांच्यापाशी गेला आणि त्याने त्यांना त्यांचे जन्म, त्यांचे बळ, त्यांचे बालपणीचे उड्डाण यांची आठवण करून दिली.

जांबवंताने समुद्र लहान आहे असे सांगितले नाही. तुझ्याऐवजी मी जातो असेही म्हटले नाही. त्याचे वय झाले होते. हनुमंतांचे स्वतःचेच जे होते, ते त्याने त्यांच्या स्वाधीन केले. वाल्मीकींनी तेथे आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. तू परत येईपर्यंत आम्ही सारे एका पायावर उभे राहू, असे जांबवंताने हनुमंतांना सांगितले. शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर बाकावर सहा-सहा तास बसणाऱ्या मित्रांना ही ओळ वेगळी समजावून सांगावयास नको.

एका भजनी मंडळाची गोष्ट

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. वय ६६. भजनी मंडळात पखवाज वाजवितात. काही वर्षांपूर्वी भाद्रपदात त्यांच्या छातीत कळ येऊ लागली. अँजिओग्राफीत तिन्ही रोहिण्या तुंबलेल्या निघाल्या. लवकरात लवकर शस्त्रक्रिया करावी, असे डॉक्टरांनी बजावले. गुरुजींनी मान हलविली. "जगलो तेवढे पुरे. आता छाती फाडून घेणे नको," हे त्यांचे उत्तर.

त्या आठवड्यात भेटीस आलेल्यांनी भर घातली ती भीतीचीच. एकाने शस्त्रक्रियेनंतर न उठलेल्या आपल्या मेहुण्याची कथा सांगितली. दुसऱ्याने रोहिण्या धुऊन काढणारा काढा आणून दिला. घरातील वडीलधारे म्हणाले, पितृपक्ष चालू आहे, नवरात्र होऊ द्या, दसऱ्यानंतर पाहू. हा सल्ला गुरुजींना सर्वांत सोयीचा वाटला.

तेव्हा मंडळाचे वृद्ध बुवा घरी आले. ते म्हणाले, "गुरुजी, पितर कधी लेकराच्या वाईटावर असतात काय? दसऱ्याला आपण पंचांग पाहत नाही, कारण तो दिवसच मुहूर्त. प्राण वाचविण्याच्या कामाचेही तसेच. वैद्याने आज सांगितले, तर आजचा दिवस मुहूर्ताचा." वडीलधारी मंडळी यावर काही बोलली नाहीत. पंचमीच्या श्राद्धानंतर दोन दिवसांनी गुरुजी रुग्णालयात दाखल झाले.

पुढची कामे मंडळींनी वाटून घेतली. एकाने शिधापत्रिका व कागदपत्रे घेऊन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठले. हृदयाच्या शस्त्रक्रिया या योजनेत येतात, हे घरात कोणाला ठाऊकच नव्हते. चौघांनी रक्तदान केले. दोघांनी रात्रीची पाळी घेतली. एका घरून गुरुजींच्या पत्नीचा दोन्ही वेळचा डबा येऊ लागला, कारण रुग्णाची काळजी घेणाऱ्या माणसाच्या पोटात काही गेले की नाही, हे सहसा कोणी पाहत नाही.

झांज वाजविणाऱ्या सोबत्याची काही वर्षांपूर्वी हीच शस्त्रक्रिया झाली होती. त्याने सदऱ्याची बटणे काढून छातीवरचा उभा व्रण दाखविला आणि कोणत्या वेळी काय होईल ते क्रमाने सांगितले. शुद्धीवर याल तेव्हा घशात नळी असेल, बोलता येणार नाही, घाबरू नका, हाताने खुणा करा. खोकला येईल तेव्हा उशी छातीशी घट्ट धरा. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवतील, नको वाटेल, तरी बसा. गुरुजींनी एकच विचारले, "पखवाज?" तो म्हणाला, "ते डॉक्टरांना विचारू." विचारले. हाड सांधेपर्यंत, साधारण तीन महिने, थांबा, असे उत्तर आले.

आदल्या रात्री गुरुजी त्या सोबत्याला म्हणाले, "परत आलो नाही तर पखवाज देवळात द्या. हिच्या नावावरचे कागद कपाटाच्या वरच्या खणात आहेत." अभद्र बोलू नका, असे सोबती म्हणाला नाही. त्याने कागद घेतला आणि सारे लिहून घेतले. मुलांसमोर जे ओठांवर येत नव्हते ते बोलून झाल्यावर गुरुजी शांत झोपले, असे त्यांच्या पत्नीने नंतर आम्हांस सांगितले.

शस्त्रक्रिया पार पडली. चौथ्या दिवशी मात्र गुरुजी कारण नसता रडू लागले. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांचे मन असे खचते, आणि नेमकी तेव्हाच भेटीस येणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असते. मंडळींनी ती वेळ ओळखली. रोज दोघेच येत, गुरुजींसह अंगणात चालत, नंतर कोपऱ्यापर्यंत आणि पुढे देवळापर्यंत. दसऱ्याला सोने घेऊनही दोघा-दोघांनीच आले. दत्तजयंतीस, तीन महिने होत आले असता आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर, गुरुजींनी पखवाजावर पहिली थाप दिली. ती हलकी होती. बुवांनी त्या दिवशी अभंगाची लयही हलकीच धरली.

सुश्रुतांचा सांगावा

या मंडळींनी जे केले ते आपल्या जुन्या शास्त्रात सांगितलेलेच आहे. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाय मानले आहेत. परिचारक प्रेमळ असावा, त्याला किळस नसावी, अंगात बळ असावे आणि त्याने वैद्याचे सांगणे पाळावे, अशी अपेक्षा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील १९ वा, व्रणितोपासनीय, अध्याय तर व्रण झालेल्या रुग्णाच्या देखभालीसाठीच आहे. गोड बोलणारे, अनुकूल वागणारे सुहृद गोष्टी सांगून आणि पुन:पुन्हा आश्वासन देऊन व्रणाच्या वेदना दूर करतात, असा आशय तेथे आला आहे. मित्राचा शब्द हा उपचाराचाच भाग आहे, हे शस्त्रकर्माच्या आद्य आचार्यांनी जाणले होते.

म्हणूनच तो शब्द जपून वापरावा. दुसऱ्याच्या मृत्यूच्या कथा रुग्णाच्या खाटेशी सांगू नयेत. डॉक्टरांना न विचारता काढा, भस्म वा पथ्य सुचवू नये. रक्त पातळ ठेवणारी गोळी कोणाच्या सांगण्यावरून चालू किंवा बंद करू नये. नवरात्राचा उपवास, विशेषतः मधुमेह असल्यास, डॉक्टरांच्या अनुमतीखेरीज धरू नये. आजाऱ्याला व्रतातून सूट देण्याइतका आपला धर्म उदार आहे. सर्दी-खोकला असता भेटीस जाऊ नये. तीर्थ-प्रसाद अतिदक्षता विभागात नेण्याचा आग्रह धरू नये. देव्हाऱ्यात लावलेला दिवा तिथवर पोहोचतोच. आणि हा विकार म्हणजे कोणत्या पापाचे फळ, असे तर चुकूनही सुचवू नये. असंख्य हृदये सांधणारे मुंबईचे प्रख्यात शल्यविशारद डॉ. नीतू मांडके यांचे २२ मे २००३ रोजी हृदयविकारानेच निधन झाले. रोग माणसाचे पुण्य मोजून येत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मित्रांचा धीर हा यशाचा करार नव्हे. शस्त्रक्रियागृहात गेलेला प्रत्येकजण परत येतोच असे नाही, आणि जो आला नाही त्याच्या मित्रांचे प्रेम उणे पडले असेही नाही. फळ भगवंताच्या हाती आहे. उंबरठ्यापर्यंत सोबत करणे आणि बाहेर एका पायावर उभे राहणे, इतके मात्र आपल्या हाती आहे.

वाचकहो, आज सायंकाळी सोने वाटावयास आपण निघाल तेव्हा आपल्या ओळखीत असे एखादे घर आहे काय, हे आठवून पाहावे. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेला कोणी असेल, ती ठरवावयास कचरणारा कोणी असेल, शस्त्रक्रियेनंतर खिडकीशी एकटा बसलेला कोणी असेल. सर्वप्रथम त्या घरी जावे. पान हाती द्यावे, नेहमीचेच शब्द म्हणावेत, सोने घ्या, सोन्यासारखे राहा, आणि मग थोडे बसून, "माझ्याकडे कोणते काम देता?" असे विचारावे.

श्रीरामप्रभू आणि आई जगदंबा अशा प्रत्येक घराचे सीमोल्लंघन सुखरूप पार पाडोत, आणि त्या घराला सुहृदांची उणीव कधीही न भासो, हीच विजयादशमीच्या मंगलदिनी आमची प्रार्थना.