तलवारीऐवजी फावडे

लष्करी चाकरी नाकारणारा तरुण भित्राच असला पाहिजे, अशी आपल्याकडे एक ठाम समजूत आहे. आपल्या देशात सक्तीची सैन्यभरती नाही. म्हणून हा प्रश्न आपल्या उंबरठ्यापर्यंत कधी आलाच नाही. स्वित्झर्लंडमध्ये मात्र तो प्रत्येक सुदृढ पुरुषापुढे उभा राहतो.

पिएर सेरेसोल हा तेथील इंजिनिअर. वडील त्या देशाचे अध्यक्ष होऊन गेलेले. 1917 मध्ये त्याने लष्करी कर भरण्याचे नाकारले व तुरुंग पत्करला. पण नुसत्या नकाराने त्याचे समाधान होईना. सैनिक कष्ट उपसतो, हाल सोसतो. मग न लढणाऱ्याने घरी स्वस्थ का बसावे? 1920 साली व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त फ्रेंच खेड्यात तो सोबती घेऊन निवारे बांधावयास गेला. त्या सोबत्यांत जर्मनही होते! ज्यांच्या सैन्याशी युद्ध झाले त्यांच्याच देशबांधवांची मदत सर्वांना रुचली नाही, आणि काही महिन्यांतच काम आवरावे लागले. परंतु त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना वाढली. तिचे चिन्ह फावडे आणि मोडकी तलवार.

15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा सेरेसोल हिंदुस्थानात आला. मुजफ्फरपूरकडे पुराच्या तडाख्यातील गावे उंच जागी वसविण्याच्या कामी तो व त्याचे सहकारी राबले. पुढे, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात, याच संघटनेचे परदेशी तरुण वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात आले आणि त्यांनी तेथे इमारती उभ्या केल्या. कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत असत, तो हा काळ. आमच्या मते त्या भिंतींहून त्यांचे तेथे राहणेच मोलाचे होते.

येथे सैनिकाला कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. मुठेकाठच्या लोकांना तर ते सांगावयासच नको. जुलै 1961 मध्ये पानशेतचे धरण वाचविण्यासाठी वाळूची पोती रचली ती जवानांनीच.

स्वित्झर्लंडने नागरी सेवेचा कायदा अमलात आणला तो 1996 मध्ये, सेरेसोलच्या मृत्यूनंतर 51 वर्षांनी. ही सेवा लष्करी सेवेच्या सामान्यतः दीडपट असते. कित्येकांना ही शिक्षाच वाटते. सरकारचे म्हणणे असे की, जादा दिवस राबण्याची तयारी हीच सद्सद्विवेकाची साक्ष. भित्र्याला हा सौदा परवडणारा नाही, एवढे मात्र खरे.