पुणे ते नागपूर, धावपट्टी ते धावपट्टी

पुण्याहून नागपूरला रेल्वेने जायचे तर मनमाड-भुसावळचा वळसा पडतो आणि प्रवास नऊशे किलोमीटरच्या घरात जातो. विमानाला वळसा नाही. मग त्याचे अंतर किती? ते कागदावर काढता येते.

पुण्याचा लोहगाव विमानतळ 18.58 अंश उत्तर अक्षांश आणि 73.92 अंश पूर्व रेखांशावर आहे, नागपूरचा 21.09 आणि 79.05 वर. अक्षांशांतला फरक 2.51 अंश. एका अंशाला 111 किलोमीटर धरले की उत्तरेकडे 279 किलोमीटर झाले. रेखांश मात्र ध्रुवांकडे जवळ येत जातात, म्हणून आपल्या भागात त्यांचा एक अंश 105 किलोमीटरच भरतो. 5.13 अंशांचे झाले 539. आता शाळेतला पायथागोरस लावा: उत्तर सुमारे 605 किलोमीटर. पृथ्वी गोल असली तरी इतक्या टप्प्यात त्याने फारसा फरक पडत नाही.

जेट विमान उंचावर ताशी 830 किलोमीटरच्या आसपास उडते. भागाकार केला तर 44 मिनिटे. वेळापत्रकात मात्र सव्वा ते दीड तास असतो. खरी गंमत इथेच आहे.

दहा हजार फुटांखाली वेग साधारण ताशी 460 किलोमीटरपर्यंतच ठेवतात. पूर्ण उंची गाठेपर्यंत दीड-दोनशे किलोमीटर सरतात. उतरणीचा हिशेब वैमानिक असा करतात: दर हजार फुटांना तीन सागरी मैल. 35 हजार फुटांवरून उतरायचे तर 105 सागरी मैल, म्हणजे जवळजवळ 195 किलोमीटर आधी सुरुवात करावी लागते. याचा अर्थ, पूर्ण वेगाचा पल्ला उरतो जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटरचा! छोट्या मार्गावर वेगवान विमानाचा फायदा कमी का, ते यात आहे.

शिवाय दिशा. पुण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम. उड्डाण वाऱ्याला सामोरे जाऊन करायचे असते. वारा पश्चिमेचा असेल तर विमान आधी नागपूरकडे पाठ करून उडते आणि मग वळते. वरचा वाराही हिशेबात धरावा लागतो. हिवाळ्यात तो पश्चिमेकडून वाहतो, म्हणून नागपूरला जाताना काही मिनिटे वाचतात आणि परतताना तेवढीच जास्त लागतात. पावसाळ्यात त्या उंचीवर बहुधा पूर्वेचे वारे असतात, तेव्हा हे उलटते.

आणि वेळापत्रक मोजते काय? पुण्यात चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून नागपुरात ते पुन्हा लावेपर्यंतचा वेळ. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हे सगळे त्यातच. लोहगाव हवाई दलाचा तळ असल्याने तिथली धावपट्टी लढाऊ विमानेही वापरतात, त्यामुळे हे थांबणे कधी लांबते.

दिवाळीला कुणाला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर घ्यायला जायचे असेल, तर विमान कधी उडाले ते पाहा आणि त्यात तासभर मिळवा. चेक-इनचे सामान असेल तर पट्ट्यावर बॅग येण्याचा वेळ वेगळा.