जुन्या मोटारीतला थंडावा

बारामती-इंदापूर भागात दारात ट्रॅक्टरशेजारी एखादी जुनी मोटार उभी दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. सेकंडहँड घेतलेल्या गाडीतला एसी पहिला उन्हाळा बरा चालतो आणि दुसऱ्या वैशाखात नुसता वारा घालू लागतो. मग "गॅस संपला" म्हणून दरसाल पैसे मोजणे सुरू होते.

वास्तविक हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. जुन्या गाडीत थोडाफार झिरपतो हे खरे, परंतु एका उन्हाळ्यातच उतरला तर गळती आहे असे समजावे. नळीच्या जोडावर धूळ धरलेला तेलकट डाग दिसला की संशय तिथेच घ्यावा. गळती न काढता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. दुरुस्तीनंतर पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घेतात ना, हे उभे राहून पाहावे.

गाडी फारच जुनी असेल तर गॅस कोणता, हेही विचारावे. पूर्वीचा आर-१२ ओझोनच्या थराला मारक ठरला व १९८७ च्या माँट्रियल करारानुसार २०१० पर्यंत आपल्या देशातही बंद झाला. त्याजागी आर-१३४ए आला. दोहोंचे तेल वेगळे, मिसळ चालत नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस भरून देणारा कोणी भेटलाच तर त्याला लांबूनच नमस्कार करावा. तो गॅस पेट घेतो.

आपल्याकडे खरी खोड धुळीची. हंगामात माळेगाव, भवानीनगरकडे उसाच्या गाड्या लागल्या की रस्त्याची माती आणि पाचटाचा भुसा रेडिएटरपुढच्या कंडेन्सरच्या जाळीत जाऊन बसतो. मग गॅस भरपूर असूनही गारवा येत नाही. इंजिन थंड असताना हलक्या धारेने ती धुवावी. जोराच्या धारेने पातळ पत्रे वाकतात.

थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे एसी लावावा, म्हणजे तेल फिरून कॉम्प्रेसरचे सील कोरडे पडत नाही. गाडीखाली पाणी ठिबकले तर घाबरू नये. ते पायाशी साचू लागले, तर मात्र निचऱ्याची नळी तुंबली आहे.

आणखी एक. बाजाराच्या दिवशी काचा लावून, इंजिन व एसी चालू ठेवून गाडीत कोणी झोपू नये. मुलांना तर मुळीच ठेवू नये. सडक्या सायलेन्सरमधून आत शिरणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास असतो ना रंग, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही.