साच्यातून निघालेलं घर

ओवे गाव आता नवी मुंबईतल्या खारघरच्या पोटात आहे. गावापासून जवळच, सेक्टर 36 मध्ये, सिडकोच्या स्वप्नपूर्ती गृहयोजनेच्या इमारती उभ्या आहेत. इकडच्या गवंड्याला भिंतीसाठी हलकी वीट हवी असली की तो दुकानात ‘सिपोरेक्स’ मागतो, मग वीट कुठल्याही कंपनीची असो. हे मूळ स्वीडनचं नाव आपल्या बोलीत रुजलं ते बांधकाम उद्योजक बी. जी. शिर्के यांच्यामुळे.

शिर्के वाईजवळच्या पसरणीचे, जन्म 1918 चा. सत्तरच्या दशकात त्यांनी ही वीट बनवण्याचं तंत्र पुण्यात आणलं. सिमेंट, चुना आणि बारीक दळलेल्या वाळूच्या गाऱ्यात ॲल्युमिनियमची थोडीशी पूड पडली की हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि गारा ढोकळ्यासारखा फुगतो. मग तो तारेनं कापायचा आणि दाबाखालच्या वाफेत शिजवायचा. त्याचं वजन साध्या काँक्रीटच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरतं. शिर्क्यांच्या ‘थ्री-एस’ पद्धतीत खांब, तुळया, जिने कारखान्यातच ओतले जातात. खांब आतून पोकळ असतो. जागेवर तो उभा करून सळया जुळवतात आणि पोकळीत पातळ काँक्रीट भरतात. तयार घराची खरी कसोटी लागते ती या सांध्यात.

दिल्लीनं तयार घरांचा धडा आधीच घेतला होता. फाळणीनंतरच्या निर्वासितांसाठी झटपट घरं हवी होती, म्हणून 1948 साली जंगपुऱ्यात सरकारी घर-कारखाना निघाला. त्या कामाशी जोडलेले वास्तुविशारद ऑटो कोनिग्सबर्गर 1951 साली देश सोडून गेले. फेसाळ काँक्रीटच्या पॅनेलांना तडे जाऊन योजना फसली होती. माल पुरेसा मुरला नव्हता. कारखाना मात्र टिकला आणि पुढे हिंदुस्थान प्रीफॅब झाला. अपयशी म्हणून ती घरं विसरली जावीत, हे मला पटत नाही. पुढच्यांनी काय टाळायचं ते त्या तड्यांत लिहिलेलं होतं.

त्याच्याही आधी, इंग्लंडमध्ये लेचवर्थला 1905 च्या स्वस्त घरांच्या प्रदर्शनात लिव्हरपूलचे नगर अभियंता जॉन ब्रोडी यांनी तयार काँक्रीट पॅनेलांचं घर मांडलं. ते आजही उभं आहे, वारसा यादीत नोंदलेलं आहे.

आपल्याकडे? उलव्याजवळ बामणडोंगरीला 2022 साली सिडकोनं तयार काँक्रीटच्या भागांतून 96 घरांची इमारत 96 दिवसांत उभी केली. त्याच नवी मुंबईत जुन्या इमारती पुनर्विकासात पाडल्या जात आहेत. त्यांत राहणाऱ्यांना मोठं, सुरक्षित घर मिळायलाच हवं, त्यात वाद नाही. पण जिथे सुरुवातीचं तयार काँक्रीटचं काम असेल तिथे पाडण्याआधी नकाशे उतरवून घ्यावेत, जमलं तर एखादी खोली अख्खी ठेवावी. तेही नाही झालं तर एक पोकळ खांब आडवा कापून जपावा. बाहेरची कारखान्यातली कड आणि आतला जागेवर ओतलेला गाभा, दोन्ही त्यात शेजारी शेजारी दिसतील, मधल्या रेघेसकट.